गाऱ्हाणं तू घाल

बागेत एवढी जागा असून मी गाडी रस्त्यावर का लावतो, असं तुम्ही विचारता ना? त्याला एक जुना व्हिडिओ गेम जबाबदार आहे.

त्यात आपण बोळाबोळांतून चालतो आणि समोर राक्षस येतात. नुसतं मारून भागत नाही, बोलून त्यांना आपल्या टोळीत घ्यावं लागतं. रविवारी मी खेळत होतो आणि अप्पा मागे बसून बघत होते. आमचे अप्पा म्हणजे बागेची राखण करणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या दगडापुढे दरवर्षी नारळ ठेवून गाऱ्हाणं, म्हणजे मोठ्यानं साकडं, घालणारा माणूस.

एक राक्षस काही केल्या ऐकेना. अप्पा म्हणाले, "अरे, आधी त्याला काय हवंय ते विचार." विचारलं, दिलं, आला!

"आणि तो पहिला कुठे गेला रे? सुरुवातीपासून होता तो?"

"काढला. याला जागा हवी होती. आता त्याचा उपयोगही नव्हता."

राखणदाराचा दगड हलवून तिथे गाडीसाठी शेड घालू, म्हणून मी महिनाभर अप्पांच्या मागे लागलो होतो. चहा झाल्यावर त्यांनी माझ्या हातात नारळ दिला.

"चल, हलवूया दगड. पण गाऱ्हाणं तू घाल. तुला सवय आहे बोलायची."

दगडासमोर हात जोडले. "महाराजा," म्हटलं आणि अडकलो. गेममध्ये निदान काय बोलायचं ते पडद्यावर येतं.

"सांग ना," मागून अप्पा म्हणाले, "आता तुझा उपयोग नाही म्हणून."

मी नारळ ठेवला. म्हटलं, "महाराजा, सांभाळून घे."