भोंगा मीच काढून फेकला

जबाब
दि. ११ एप्रिल १९८४

मी, जनाबाई भोजराज लांजेवार, वय अंदाजे ५२ वर्षे, धंदा शेती, राहणार मौजा खैरटोला, तालुका साकोली, जिल्हा भंडारा. मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन ठाण्यात आली असून समक्ष सांगते की,

मी वरील गावी राहते. माझे पती मयत आहेत. मुलींची लग्ने झाली असून घरी मी एकटीच असते. गावच्या तलावाखाली माझी धानाची शेती आहे व शेताच्या वरच्या अंगाला माझ्या मालकीची एक बोडी, म्हणजे लहान तळे आहे. माझ्या घराला लागून फकिरा वलथरे व त्याची बायको सखाबाई राहतात. आम्ही कोहळी, धान लावतो. ते ढिवर, तलावात मासे धरतात. दोन घरांमध्ये काट्यांचे कुंपण आहे व त्यात येण्याजाण्यापुरती वाट आहे. ती वाट माझ्या सासूच्या काळापासूनची आहे.

आमच्या गावात ढिवरांच्या घरची माणसे लग्नाकार्यात पाणी भरतात. माझ्या लग्नात सखाबाईच्या सासूने पाणी भरले. माझे पती वारले तेव्हा दहाव्यापर्यंत माझ्या घरची चूल सखाबाईने सांभाळली. हे मी मुद्दाम लिहायला सांगत आहे.

तलावाच्या मधोमध एक डोह आहे. डोहातले पाणी उन्हाळ्यात सोडायचे नाही, ते मासोळ्यांसाठी ठेवायचे, अशी गावची रीत आहे. यावर्षी माझे भासरे, म्हणजे पतीचे वडील बंधू, केशवराव लांजेवार यांनी उन्हाळी धान जास्त लावले. ते डोहाचेही पाणी मागू लागले. ढिवरांनी नाही म्हटले, कारण त्यांच्या मच्छीमार सोसायटीने तलावात मासोळ्यांचे बीज, म्हणजे बारीक पिल्ले, टाकले होते. त्यावरून गावात बोलाचाली झाली. मारामारी झाली नाही.

होळीच्या आधी आमदार साहेब गावात आले. दोन समाजांत संवाद घडवून आणायचा आहे, असे त्यांचे कार्यकर्ते धनीराम यांनी आदल्या दिवशी घरोघरी सांगितले. आम्हाला बरे वाटले. पाण्याचा निकाल लागेल असे वाटून मी गेली. मंदिरापुढे सतरंजी टाकली होती. कोहळी व ढिवर एकाआड एक बसवले. साहेब चांगले बोलले. शेजार कसा असावा, एकमेकांचे सणवार कसे समजून घ्यावे, हे त्यांनी सांगितले.

त्यानंतर फकिरा उभा राहिला व म्हणाला, "साहेब, डोहाच्या पाण्याचं तेवढं बोलून घ्या. बाकी आमचं कोनाशी काही नाई." साहेब म्हणाले, "आज भांडणाचा विषय नको. आज प्रेमाचा दिवस आहे." फकिरा खाली बसला.

मग साहेबांनी मला व सखाबाईला पुढे बोलावले. सखाबाईच्या हातात पाण्याचा गिलास दिला व मला तो प्यायला सांगितले. फोटोवाला समोर होता. त्याला फोटो पसंत पडला नाही, म्हणून परत प्यायला लावले. मी म्हटले, "साहेब, पान्याचं बोला ना." साहेब म्हणाले, "बाई, पाणीच तर पाजलं तुम्हाला." सगळे हसले. मीसुद्धा हसली. चहा झाला व जीप निघून गेली.

आमदार साहेबांची 'शेजार' नावाची बातमीपत्रिका निघते. ती धनीराम जीपवर भोंगा लावून गावोगाव वाचून दाखवतात. परवा सकाळी जीप आमच्या चौकात आली. मी एकोडीच्या बाजारात जायला निघाली होती. सखाबाई टोपली घेऊन माझ्यासोबत होती. धनीराम यांनी जे वाचले ते असे, की खैरटोला गावात पिढ्यानपिढ्या एकमेकांच्या हातचे पाणी न पिणारे दोन समाज आमदार साहेबांच्या प्रयत्नाने एक झाले. एका शेतकरी भगिनीने ढिवर भगिनीच्या हातचे पाणी प्रथमच प्राशन केले. आणि ढिवर बांधवांनी मोठ्या मनाने तलावाचे संपूर्ण पाणी धानासाठी सोडण्यास संमती दिली.

यातले एकही वाक्य खरे नाही. पत्रिकेत छापलेला फोटो तेवढा खरा आहे.

सखाबाईने टोपली खाली ठेवली. तिने धनीरामला काही विचारले नाही. ती मला म्हणाली, "बाई, तुमी माह्या हातचं पानी कधी पेलंच नव्हतं काय?" ती बाजारात आली नाही. घरी परत गेली. मीही बाजारात गेली नाही.

चौकात केशवराव हजर होते. मी त्यांना म्हटले, "भाऊजी, असं कोनं कबूल केलं? तुमी मंदिरापुढं होतेच ना?" ते म्हणाले, "आता छापून आलं. आमदार काय खोटं छापल?" मी म्हटले, "आमी बोललोच नाई ते आमच्या तोंडी कायले घालता?" त्यावर ते म्हणाले, "तुह्या शेतालेही पानी भेटते. चूप राय."

दुपारी केशवराव चार माणसे घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर गेले. तलावाचे पाणी सोडण्याच्या नळाला आमच्याकडे तुडूम म्हणतात. डोहाचे पाणी अडवणारे त्याचे सर्वांत खालचे बूच त्यांनी काढले. फकिरा धावत गेला व नळाच्या तोंडाशी पाण्यात उभा राहिला. त्याने कोणाला हात लावला नाही. तो एवढेच म्हणत होता, "सोसायटीनं बीज टाकलं आहे जी, बीज टाकलं आहे." केशवरावांच्या माणसांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढले. पाणी रात्रभर वाहत राहिले. त्यातले माझ्या शेतातही आले. मी ते मागितले नव्हते.

काल सकाळी तलावात गाळ उरला होता. त्यात मासोळ्या तडफडत होत्या. घारी व बगळे उतरले होते. ढिवरांच्या बायका गाळात शिरून जिवंत मासोळ्या घमेल्यांत गोळा करत होत्या, पण टाकणार कुठे? मी कुंपणाच्या वाटेने सखाबाईकडे गेली. घरात कोणी नव्हते. मग तलावावर जाऊन मी तिला हाक मारली व म्हटले, "माह्या बोडीत टाका." ती माझ्याकडे पाहत राहिली. मी म्हटले, "पाहून काय राहिली? मरून जातीन ना त्या." मग आम्ही दोघींनी घमेली उचलली. बाकीच्या बायका मागून आल्या. रोहूची पिल्ले बहुतेक मेली. मरळ बऱ्याच वाचल्या.

आम्ही घमेली नेत असताना जीप पुन्हा आली व पाळीवर उभी राहिली. भोंग्यावर गाणे लावले होते. धनीराम व फोटोवाला उतरले. केशवरावही पाळीवर होते. त्यांना वाहत्या पाण्याचा व हिरव्या धानाचा फोटो पाहिजे होता. फोटोवाल्याने मला शेताच्या बांधावर उभे राहायला सांगितले. माझे लुगडे गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते. तो म्हणाला, "बाई, जरा धुऊन घ्या."

मी धनीरामकडे गेली. मी म्हटले, "हा भोंगा आहे ना, याच्यावर सांग का काल वाचलं ते खोटं होतं. आत्ता सांग." धनीराम म्हणाले, "छापलेलं परत घेता येत नाही, बाई. पुढच्या अंकात पाहू." मी म्हटले, "पुढच्या अंकापर्यंत मासोळ्या जित्या ठेवशील काय?" ते म्हणाले, "मासोळीसाठी एवढा गोंधळ कायले? दोन समाज जवळ आले ते पाहा ना."

त्यानंतर मी जीपच्या बॉनेटवर चढली. भोंग्याची तार ओढून तोडली, भोंगा काढला व तलावात फेकला. तो गाळात पडला. धनीराम तार पकडायला आले व पाळीवरून घसरले. त्यांचा गुडघा खरचटला. त्यांना कोणी मारले नाही. हे करताना माझ्यासोबत कोणी नव्हते. फकिरा त्या वेळी तलावाच्या पलीकडच्या टोकाला गाळात होता. त्याने मान वर करून पाहिले तेवढेच.

संध्याकाळी ठाण्याचे शिपाई आले व फकिराला ओल्या कपड्यांनिशी घेऊन गेले. फकिराने भोंगा तोडला व धनीरामला मारहाण केली, असे केशवरावांनी लिहून दिल्याचे समजले. मी केशवरावांच्या घरी गेली. मी म्हटले, "तुमी डोळ्यानं पाहिलं ना मले बॉनेटवर?" ते म्हणाले, "पाहिलं. लांजेवाराच्या घरची बाई ठाण्यात नेऊ काय? घराची इज्जत हाय का नाई?" मी म्हटले, "अन् त्याले नेलं ते?" ते म्हणाले, "ढिवर हाय तो. दोन दिवसांत सुटते." हे माझ्या जाऊबाईंनी दारात उभ्या राहून ऐकले.

आज पहिल्या मोटारीने मी व सखाबाई येथे आलो. जमादार साहेबांनी मला सांगितले की बाई घरी जा, आमदार साहेब दोन्ही समाजांची समजूत काढतील. माझे म्हणणे असे की, समजूत काढायला दोन समाजांत काही बिघडले नव्हते. पाण्याचा वाद होता. तो बोलून सुटला असता. ते कोणी बोलू दिले नाही. आता तलावात पाणी नाही, तर वादही नाही, असे साहेबांनी छापावे.

भोंग्याबद्दल जे काय करायचे ते माझ्यावर करावे. मी पळून जाणार नाही. डोहाचे पाणी सोडणाऱ्यांवर काय करणार ते मला सांगावे. मी हे विचारल्यावर जमादार साहेबांनी, ते पाटबंधारे खात्याचे काम आहे, असे सांगितले. तेही लिहून घ्यावे.

जबाब चालू असताना फकिरा यास बाहेर आणून बाकावर बसवले आहे. त्याने कालपासून काही खाल्ले नाही. सखाबाईने भाकर आणली आहे.

माझा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'रागाच्या भरात माझ्या हातून नकळत' असे शब्द आले होते. ते मी खोडायला लावले. राग होता, तो लिहावा. नकळत काही झालेले नाही. आता लिहिले आहे ते माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

निशाणी डावा अंगठा
जनाबाई भोजराज लांजेवार

समक्ष
(सही) हेड कॉन्स्टेबल
खाडाखोड एक, बाईंच्या सांगण्यावरून.