पाटासह जप्त झालेले बारा टॅब

माझे नाव आत्माराम भिकाजी तिर्लोटकर, वय ४९ वर्षे, व्यवसाय शिक्षक (गणित, इयत्ता पाचवी ते सातवी), राहणार चंदनसार, विरार पूर्व, तालुका वसई, जिल्हा पालघर, मूळ गाव तालुका देवगड. आज दसऱ्याच्या सकाळी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून खरे ते सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी विनया हिच्यासह राहतो. माझी शाळा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ठाण्यातील संगणक कालपासून पूजेत असल्यामुळे हा जबाब हवालदार काळूराम भोईर हाताने लिहून घेत आहेत. पेन तक्रारदाराचे आहे, कारण माझे पेनही घरी पूजेत आहे.

तक्रारदार श्री. कौस्तुभ हे मुंबईच्या एका संस्थेत काम करतात. त्यांच्या संस्थेने जूनमध्ये आमच्या शाळेला गणित शिकवण्यासाठी बारा टॅब वापरायला दिले. टॅबमध्ये एका बाईंचा आवाज आहे. मुले तिला टॅबबाई म्हणतात. टॅबबाई प्रश्न विचारते आणि मुलांनी उत्तर टाळ्यांनी द्यायचे असते. दोन त्रिक किती, तर सहा टाळ्या. टाळ्या कमीजास्त झाल्या तर ती म्हणते, ‘छान प्रयत्न! पुन्हा एकदा करू या.’ ती कितीही वेळा असेच म्हणते. ती रागावत नाही, हे मला तिच्यातले सर्वांत आवडते.

संस्थेच्या अटी दोन आहेत. टॅब शाळेच्या हद्दीबाहेर जाऊ नयेत, आणि सलग दोन दिवस न वापरता पडून राहू नयेत. यांपैकी काहीही घडल्यास टॅब परत घेऊन दुसऱ्या शाळेला देण्यात येतात. दुसऱ्या शाळा रांगेत आहेत, असे श्री. कौस्तुभ दर महिन्याला सांगतात.

इयत्ता सहावीत पिंकी नावाची मुलगी आहे. ती आमच्याच इमारतीत तळमजल्यावर तिची आजी पुतळाबाई यांच्याजवळ राहते. जूनमध्ये ती नवीन आली. तेव्हापासून तिने वर्गात एकदाही तोंडाने उत्तर दिलेले नाही. कारण मी विचारले नाही. टॅबबाईला मात्र ती टाळ्यांनी उत्तर देते, आणि ते बहुधा बरोबर असते. याचा या गुन्ह्याशी काय संबंध, असे ठाण्याच्या साहेबांनी विचारले. संबंध आहे, असे मी सांगितले.

काल खंडेनवमीला सकाळी मी बाराही टॅब एका खोक्यात घालून रिक्षाने सातिवलीला नेले. तिथे माझे परिचित श्री. व्हिक्टर यांचा लोखंडी कपाटांचा लहानसा कारखाना आहे. टॅब उभे ठेवून चार्ज करता यावेत असे खणांचे कपाट ते शाळेला करून देणार आहेत. मापासाठी टॅब हवे होते. एक नेला असता तरी चालले असते, हे मला आता समजते. मुख्याध्यापिका मनोरमा मॅडम यांची तोंडी परवानगी होती. त्या सध्या गावी गेल्या असून त्यांचा फोन लागत नाही.

सातिवलीला पोहोचलो तेव्हा कारखान्यातल्या सर्व यंत्रांना झेंडूचे हार घातलेले होते आणि मोजपट्टीसुद्धा पूजेत होती. श्री. व्हिक्टर म्हणाले, “सर, मी रविवारी चर्चला जाणारा माणूस, पण आज माझ्याच मोजपट्टीला मला हात लावू देत नाहीत ही पोरं. उद्यानंतर या. पेढा घ्या.” मी पेढा घेतला. गर्दी असल्यामुळे तिथे बराच वेळ गेला. त्या वेळात श्री. कौस्तुभ यांच्या फोनवरील नकाशात बारा टॅब सातिवलीत एका गोदामाबाहेर थांबलेले दिसत होते. त्यावरून मी टॅब विकायला नेले असा त्यांचा जो समज झाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मलाही तसेच वाटले असते.

परत आलो तेव्हा शाळेला कुलूप होते आणि मैदानात गरब्याच्या शेवटच्या रात्रीची तयारी चालू होती. म्हणून मी टॅब घरी नेले.

माझ्या गावच्या शाळेत दसऱ्याला आम्ही पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढत असू. एकावर एक, एकाशेजारी एक, अशी ती मूर्ती होते. मग पाटीची पूजा होई. आता माझ्या वर्गात पाटी नाही, टॅब आहेत. हत्यार बदलले म्हणून पूजा चुकवावी असे मला वाटले नाही. टॅबमध्ये ‘कोरी पाटी’ नावाचे एक पान आहे. त्यावर मी बोटाने एकाचे आकडे काढून सरस्वती काढली. बाराही टॅबवर काढली. नंतर ते देवघरासमोर सागवानी पाटावर मांडले. हळदकुंकू फक्त मागील बाजूच्या आवरणावर लावले. पाण्याचा थेंब लागू दिला नाही, हे नमूद करावे. श्री. कौस्तुभ यांनी ते नमूद करण्यास सांगितले आहे.

पूजा मांडल्यावर दुसऱ्या दिवशीच्या उत्तरपूजेपर्यंत त्या वस्तूला कोणी हात लावत नाही. मीही लावला नाही.

कोरी पाटी थोडा वेळ कोणी वापरली नाही तर मूल कंटाळले आहे असे समजून टॅबबाई आपण होऊन टाळ्यांचा पाढा सुरू करते, ही गोष्ट मला माहीत नव्हती.

संध्याकाळी आमच्याकडे देवीच्या आरतीला इमारतीतील मंडळी जमली. आरती टाळ्यांच्या गजरात झाली. आरती संपून सर्वांनी डोळे मिटून हात जोडले, तेव्हा पाटावरून बारा आवाजांत, एकापाठोपाठ एक, असे ऐकू आले की, ‘छान प्रयत्न! पुन्हा एकदा करू या.’

मी डोळे उघडून टॅबकडे पाहिले. पुतळाबाई म्हणाल्या, “मास्तर, काय बघताय? पुन्हा म्हणाली ना ती? म्हणा पुन्हा.”

मी म्हणालो, “आजी, ती देवी नव्हे. ती टॅबबाई.”

त्या म्हणाल्या, “पाटावर कुणी बसवली?”

मी म्हणालो, “मीच.”

“पूजा कुणी केली?”

“मीच.”

“मग आता ओळख दाखवायला लाजता कशाला?”

आरती पुन्हा झाली. पुन्हा तेच वाक्य आले. तिसऱ्या खेपेस लोकांनी आवाज चढवला, म्हणून टाळ्या आणखी वाढल्या. विनया मला हळूच म्हणाली, “अहो, बंद करा ना ते.” मी म्हणालो, “हात कसा लावू?” ती म्हणाली, “मग प्रसाद तरी वाटू का? शिरा गार होतोय.” पुतळाबाई म्हणाल्या, “ती हो म्हणेपर्यंत नाही.”

चौथी आरती सुरू होणार तेव्हा पिंकी पुढे आली. तिने दोन्ही हात वर करून सर्वांना थांबवले. मग बोटाने पाटाकडे दाखवले आणि कान दिला. सर्वांनी कान दिला. टॅबबाई विचारत होती, ‘तीन चोक किती?’ पिंकीने बोटांनी आम्हाला आकडा दाखवला. आम्ही सर्वांनी मिळून बारा टाळ्या वाजवल्या. बाराही टॅब म्हणाले, ‘शाब्बास!’ पुतळाबाईंनी जमिनीला डोके टेकवले. शिरा वाटण्यात आला.

तिथेच थांबायला हवे होते. पण टॅबबाईने पुढचा प्रश्न विचारला, आणि विचारल्यावर उत्तर न देता बसणे कोणालाच बरे वाटले नाही. आम्ही पाचाचा पाढा केला, सहाचा केला. साताला अडचण आली. पुतळाबाई दर वेळी शेवटी एक टाळी जास्त वाजवत होत्या. मी त्यांना तसे सांगितले. त्या म्हणाल्या, “देवापुढे टाळ्या मोजून वाजवायच्या? किती कंजूस ते मास्तर!” त्यांच्या एका टाळीमुळे आम्ही सात आठे तीनदा चुकलो.

चौथ्यांदा सात आठे चालू असताना हवालदार काळूराम भोईर दारात आले. आमचा दरवाजा उघडाच होता. त्यांनी पाहिले ते असे की, खोलीभर माणसे देवघराकडे एकटक बघत, तोंडातून शब्द न काढता, एकसारख्या टाळ्या वाजवत आहेत. ते मोठ्याने म्हणाले, “काय चाललंय इथं? आत्माराम मास्तर कोन?”

त्यावर पिंकी म्हणाली, “सात आठे छप्पन्न! काका, मध्ये बोलू नका ना, पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं!”

मी पिंकीचा आवाज यापूर्वी ऐकलेला नव्हता. तो बऱ्यापैकी मोठा आहे.

हवालदार साहेबांनी टोपी काढली आणि छप्पन्न पूर्ण होईपर्यंत दारातच उभे राहिले. या खेपेस पुतळाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, म्हणून त्यांची जास्तीची टाळी राहून गेली आणि उत्तर बरोबर आले. त्यानंतर मी आत्माराम तिर्लोटकर असल्याचे सांगितले.

बारा टॅब चोरीला गेल्याची तक्रार असून ते जप्त करावे लागतील, असे त्यांनी सांगितले. पुतळाबाई त्यांना म्हणाल्या, “पूजेतल्या वस्तूला कमरेला कातड्याचा पट्टा लावून हात लावणार?” हवालदार साहेबांनी साहेबांना फोन केला. साहेबांनी विचारले असावे की आरोपी पळून जाईल काय. हवालदार साहेब म्हणाले, “नाय साहेब, शिरा खातोय.” शेवटी टॅबला स्पर्श न करता पाटच उचलायचा असे ठरले. हवालदार साहेबांनी पट्टा व बूट काढून पाटाची एक बाजू धरली, दुसरी मी धरली. जिना उतरताना टॅबबाई आठाचा पाढा विचारत होती, पण आमचे हात मोकळे नव्हते. पंचनाम्यात बारा टॅब, एक सागवानी पाट, झेंडूची फुले, विड्याची दोन पाने व सुपारी अशी नोंद आहे. ती खरी आहे. मला बेड्या घातल्या नाहीत, कारण त्याही पूजेत होत्या.

पाट रात्रभर ठाण्यातील बेड्या व लाठ्यांच्या पूजेशेजारी ठेवला होता. पहाटेपर्यंत अकरा टॅब मालवले. एक अजून तेवत आहे.

आज सकाळी श्री. कौस्तुभ ठाण्यात आले. ते मला म्हणाले, “सर, सिस्टममध्ये तुम्ही चोर आहात. पर्सनली मी तसं म्हणत नाही.” मी त्यांना घडले ते सांगितले. त्यांनी फोन काढून पाहिला आणि बराच वेळ पाहत राहिले. काल संध्याकाळी आमच्या शाळेच्या खात्यावर जेवढे प्रयत्न झाले, तेवढे जिल्ह्यात कोणत्याच शाळेचे झालेले नाहीत. संस्थेकडून शाळेच्या नावाने अभिनंदनाचा निरोपही आलेला होता. बरोबर उत्तरांचे प्रमाण जिल्ह्यात सर्वांत कमी होते, पण अभिनंदन प्रयत्नांचे होते.

श्री. कौस्तुभ मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, तुमचं काम झालं. जबाबात एवढंच सांगा की मुलं सरावासाठी तुमच्या घरी जमली होती. चोरीचा प्रश्न नाही, पडून राहण्याचा प्रश्न नाही. टॅब तुमच्याकडेच राहतील. मी तक्रार मागे घेतो, विषय खल्लास.”

मी पाटाकडे पाहिले. मग त्यांना म्हणालो की तसे सांगता येणार नाही. मुले जमलेली नव्हती. एकच मुलगी होती. बाकी प्रयत्न आरतीचे होते. पाटाशेजारी बसून मला दुसरे काही सांगता येत नाही.

ते म्हणाले, “सर, मग टॅब जातील ना!”

मी म्हणालो, “होय.”

हवालदार साहेबांनी पेन थांबवून विचारले, “गुरुजी, हे लिवू?” मी लिहा म्हणालो. त्यांनी साहेबांकडे पाहिले. साहेब म्हणाले, “लिही. पण अक्षर नीट काढ.”

त्यानंतर श्री. कौस्तुभ यांनी माझ्यासमोर संस्थेच्या मॅडमना फोन लावला. पलीकडचे बोलणे मला ऐकू आले नाही. श्री. कौस्तुभ म्हणाले ते असे, “नाही मॅडम, चोरी नाही. पूजा... हो, टॅबची... नाही, नारळ नाही फोडला... नाही मॅडम, मुलं नव्हती. सोसायटीवाले... एक मुलगी होती. सहावीतली, ती जूनपासून वर्गात बोललीच नव्हती... काल बोलली... काय म्हणजे, पोलिसांवर ओरडली, मॅडम... सात आठे छप्पन्न.”

यानंतर ते बराच वेळ नुसते ऐकत होते. मी मनात देवीचे नाव घेत होतो. हवालदार साहेबही काही लिहीत नव्हते. फोन ठेवल्यावर श्री. कौस्तुभ म्हणाले, “राहू दे म्हणाल्या. पण पुढच्या वर्षी पूजेत मांडण्याआधी आवाज बंद करा.”

ही अट मला मान्य आहे.

श्री. कौस्तुभ तक्रार मागे घेत आहेत. ठाण्यातील उत्तरपूजा आता साहेबांच्या हस्ते होईल. त्या वेळी आमच्या पाटावरही अक्षता टाकून तो किंचित हलवावा, म्हणजे टॅब शाळेत नेता येतील, एवढी माझी विनंती आहे. पाट घरचा आहे, तोही परत मिळावा. माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही. पुतळाबाईंविरुद्धही नाही.

वरील जबाब हवालदार काळूराम भोईर यांनी मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. वाचन संपल्यावर चालू असलेल्या टॅबवरून ‘एक एके किती?’ असे विचारण्यात आले. उपस्थित सर्वांनी एक टाळी वाजवली, परंतु साहेबांची टाळी उशिरा पडल्याने उत्तर दोन झाले व पुन्हा एकदा करण्यास सांगण्यात आले. म्हणून जबाबही पहिल्यापासून पुन्हा वाचण्यात आला. दुसऱ्या खेपेस दोन्ही बरोबर आले.

समोर सही
(आत्माराम भिकाजी तिर्लोटकर)