टाके न घातलेली जखम

ड्रेसिंगच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत तिघं होती: टाळूवरचा त्वचेचा कॅन्सर कापून काढलेले टेलरमास्तर, त्यांची बायको आणि सिस्टर. पुढचा नंबर माझा.

"मास्तर, ही चिकटपट्टी कुणी लावली?"

"मीच. दोन्ही कडा ओढून जवळ आणल्या. तुमच्या डॉक्टरांना सुईदोरा मिळाला नाही का? चाळीस वर्षं शिवतोय मी, पण एवढं भोक ठेवून एकाही गिऱ्हाइकाला घरी धाडलं नाही!"

"अहो, डोक्यावरची कातडी ताणून पुरत नाही. म्हणून टाके न घालता नुसती मलमपट्टी करायची. जखम तळापासून आपली आपण भरते. भरतही आली होती! तुम्ही ओढाताण करून नवी कातडी फाडलीत."

"आपोआप कधी काही भरतं होय?"

"ऐकलंत, सिस्टर? ऑपरेशनआधी दोन वर्षं टाळूवरची ती खपली मला दिसत होती. दाखवा, दाखवा म्हणून घसा कोरडा पडला माझा. तेव्हा यांना वेळ नव्हता!"

"कामं होती गं."

"कसली कामं? लोकांना 'पुढच्या आठवड्यात या, पुढच्या आठवड्यात या' म्हणत महिनोन्‌महिने फिरवता, आणि स्वतःच्या कातडीला तीन आठवडे द्यायला जीव जातो तुमचा!"

सिस्टरनं नवी पट्टी बांधली. मास्तरांनी ती बोटानं चाचपली.

"आता कधी भरेल हो, सिस्टर?"

"पुढच्या आठवड्यात या."