कपाटामागची भिंत

(ताई नगर कार्यालयात डेटाबेस सांभाळते. तिच्या टेबलासमोर धाकटा भाऊ, बापू.)

बापू : एवढी एक रेघ गं! माऊस धर, ओढ, सोड. कुणाच्या बापाला कळतंय?

ताई : रेघ माझ्याकडे असती तर ना! दरडीच्या धोक्याचा नकाशा सर्वेक्षण खात्याच्या मशीनवर आहे. आमच्या डेटाबेसला त्यांनी नुसती खिडकी दिलीय. इथं तो आमच्याच तक्त्यासारखा दिसतो, मी त्याला आमची घरांची यादीही जोडते. पण वाचायचा फक्त. हात लावायची सोय नाही.

बापू : आणि त्या खिडकीतून नेमकं आपलंच घर दिसलं?

ताई : अख्खी गल्ली दिसली. रेघेच्या आत येईल त्या घराला नोटीस आपोआप जाते. घर रिकामं करा म्हणून.

बापू : आई हाय खाईल. आणि तिला न्यायचं कुठं? तुझ्या सासरी?

ताई : तिथं आम्हीच एकमेकांच्या पायात पाय घालून झोपतो.

बापू : मग काय माझ्या दुकानात, भुशात झोपवू तिला? ए ताई, पूर्वी तुम्ही त्या नकाशाची प्रत इथंच ठेवायचात ना?

ताई : आहे अजून. जुनी झालीय.

बापू : त्यात रेघ कुठं आहे?

ताई : घराच्या पार मागं. टेकडीच्या पायथ्याशी.

बापू : मग ती जोड की!

ताई : एका ओळीचं काम आहे. सकाळपासून दोनदा लिहिली नि पुसली.

बापू : का पण?

ताई : मग गल्लीत कुणालाच नोटीस जाणार नाही. शिंपीणकाकूंची लेक बाळंतपणाला आलीय, तिलाही नाही.

बापू : जगाची काळजी तुलाच! घर आहे तिथंच आहे. त्यांना रेघा मारायला काय जातंय?

ताई : बरं, मला सांग, आईचं कपाट स्वयंपाकघरात कधी गेलं?

बापू : असंच. खोलीत अडचण होत होती.

ताई : सुतार ना तू? दार अर्धंच उघडतं अशा जागी तू कपाट ठेवशील?

बापू : चल, निघतो मी. दुकान उघडंच टाकून आलोय.

ताई : बापू.

बापू : भेग आहे मागं. लांबी भरली, रंग मारला. पुन्हा उघडली. आता बोटं आत जातात.

ताई : आईला माहितेय?

बापू : तिला दिसू नये म्हणून तर कपाट.

ताई : म्हणजे तूही तिला जुनीच प्रत दाखवतोयस.

बापू : मग काय करू? सांग ना! मला खरंच काही सुचत नाही गं.

ताई : मलाही नाही सुचत. भीती वाटतेय, एवढंच कळतंय. नोटिसा संध्याकाळी सुटतील, मी काही बदलणार नाही. त्याआधी घरी जा.

बापू : आणि आईला काय सांगू?

ताई : काही सांगू नकोस. कपाट सरकव.

बापू : भरलेलं आहे. एकट्याला नाही सरकत ते.

ताई : थांब. मी येते.