तात्यांचा पेरू

हसू नका, पण आमच्या नामदेवतात्यांना पेरूनं दवाखाना दाखवला. तात्या राहात्याचे बागायतदार, मी त्यांच्या पेरूचा व्यापारी. हृदय कमजोर म्हणून डॉक्टरांनी त्यांचं मीठ बंद केलेलं. तात्यांनी रक्तवाहिन्यांसाठी व्हिटॅमिन सीची गोळी मागितली, तर डॉक्टर म्हणाले, "गोळीनं फरक पडेलच असं नाही. घरचे पेरू खा."

थोड्याच दिवसांत तात्यांचे पाय टम्म सुजले, दम लागला. मीच गाडीत घालून नेलं.

"मीठ खाल्लं?" डॉक्टर कडाडले.

सोबत आलेल्या काकू, तात्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "भाजीत कणभर न्हाई!"

"पेरू कसा खाता?"

"कसा म्हंजी?" तात्या म्हणाले. "तिखट-मीठ लावून!"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, बिनमिठाचा खायचा!"

तात्या भडकले. "बिनमिठाचा पेरू? त्यापरीस गोळीच लिवा!"