वाणाची वाटी

भाड्याने द्यायच्या फ्लॅटची चावी कुणाकडे ठेवायची, ते आधी माझ्याकडून ऐका. मी बंगळुरूला राहते, फ्लॅट मुलुंडला, आणि तो सांभाळायला सावंत नावाचा एजंट. कधीही फोन केला की त्याचं एकच, "ताई, भाडेकरूच मिळत नाही. घर बंदच आहे."

संक्रांतीनंतर शेजारच्या काकूंचा फोन आला. "अगं, तुझ्या घरी हळदीकुंकवाला जाऊन आले. पण वाणाच्या वाटीवर तुझ्या आईचं नाव कसं गं?"

आईच्या वाट्या मी तिथे माळ्यावर ठेवल्या होत्या. लगेच सावंतला फोन लावला. "बंद घरात हळदीकुंकू कोणी केलं रे?"

तो म्हणाला, "मिसेसने. आमची खोली लहान पडते ना, म्हणून इथेच राहतो आम्ही. घराला सवाष्णींचे पाय लागले, चांगलंच झालं ना ताई?"

दुसऱ्या दिवशी मी दारात उभी. त्याच्या बायकोने मला कधी पाहिलं नव्हतं. उशिरा आलेली पाहुणी समजून तिने हसत कुंकू लावलं आणि वाटी पुढे केली. मागे सावंत पांढराफटक.

मी म्हटलं, "वाटी राहू दे, ती माझीच आहे. वाण म्हणून चावी दे."