फक्त वाचायचं

(विमानतळावरच्या टॉवरमधली खोली, सकाळ. विमानं उतरवणाऱ्याला इथे सगळे 'टॉवर' म्हणतात आणि हवेची निरीक्षणं घेणारीला 'हवामान'.)

टॉवर — मग आज आलीसच कशाला? साहेबांनी काल स्पष्ट सांगितलं ना, यापुढे हवेची जबाबदारी मशीनची.

हवामान — कपाटातलं सामान न्यायला आले, काका. आणि माझी खुर्ची हलवली का, ते बघायला.

टॉवर — खुर्ची आहे. मीच नाही हलवू दिली.

हवामान — मशीनचा आकडा वैमानिकाला सांगणार कोण?

टॉवर — मी. 'टॉवरनं फक्त वाचायचं', इति साहेब. नुसतं वाचलं की आपण वाचतो, म्हणाले. वर स्वतःच हसले.

हवामान — काल एक माणूस गेला आणि यांना कोट्या सुचतात.

टॉवर — तो गेला म्हणूनच हे सगळं चाललंय. काल मशीन हवा स्वच्छ म्हणत होतं. तू म्हणालीस, पलीकडच्या टोकाला धुकं चढतंय. मी रुग्णाचं विमान दुसऱ्या गावी धाडलं. तो वाटेतच संपला. आणि तुझं धुकं कुंपणापाशी घुटमळलं, ऊन पडल्यावर विरून गेलं.

हवामान — पण होतं ना?

टॉवर — होतं. धावपट्टीवर नव्हतं.

हवामान — पुढे सरकेल की नाही, हे मला आधी कसं कळावं? दिसलं ते सांगितलं. मशीन बसवलंय अलीकडच्या टोकाला, त्याला नाकापुढचंच कळतं.

टॉवर — मला पटतं गं. पण त्याचा मुलगा जिना चढून इथवर आला होता. विचारत होता, बाबांचं विमान कुणाच्या सांगण्यावरून फिरवलं? माझ्या तोंडून निघून गेलं, हवामानाच्या.

हवामान — माझं नाव घेतलंत?

टॉवर — तुला हवामान म्हणतात, हे त्याला कुठे ठाऊक? म्हणाला, 'हवामानापुढे कुणाचं काय चालतं.' माझा हात हातात घेतला आणि आभार मानले. माझे आभार!

हवामान — मला सारखं वाटतंय, मीच मारलं त्यांना.

टॉवर — म्हणून म्हणतो, सुटलीस. मशीनला जाब विचारायला कुणाचा मुलगा जिना चढत नाही.

हवामान — काका, जरा खिडकीपाशी या.

टॉवर — नको.

हवामान — पलीकडच्या टोकाचे दिवे दिसत नाहीयेत. काल दिसत होते.

टॉवर — सामान घे आणि घरी जा, पोरी.

हवामान — आज धुक्यानं कुंपण ओलांडलंय.

टॉवर — काल तरी तुला कमी खात्री होती का?

हवामान — काल मी 'चढतंय' म्हणाले होते. आज 'आलंय' म्हणते. निम्मी पट्टी गेलीय.

टॉवर — मशीन पाच किलोमीटरपर्यंत स्वच्छ दाखवतंय.

हवामान — माझं ऐकू नका. स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

टॉवर — बघितलं की सांगावं लागतं, आणि सांगितलं की ते माझं होतं. काल तुझ्या सांगण्यावरून केलं, तरी तो हात अजून माझ्या हातात आहे. मला भीती वाटते गं. आता उघडच सांगतो.

वैमानिक — (रेडिओवर) टॉवर, उतरायला येतोय. चौदा प्रवासी. दृश्यमानता सांगा.

टॉवर — दृश्यमानता पाच किलोमीटर.

वैमानिक — वरून तुमच्याकडे बरंच पांढरं वाटतंय. तुम्हाला पट्टी पूर्ण दिसतेय ना?

हवामान — सांगा, काका. नाहीतर माईक माझ्याकडे द्या.

टॉवर — हात लावू नकोस. तुला आता परवानगी नाही.

वैमानिक — टॉवर, ऐकताय ना?

टॉवर — मशीन पाच किलोमीटर सांगतंय.

वैमानिक — मग ठीक आहे. येतोय.

हवामान — काका, त्यानं तुम्हाला विचारलं होतं. मशीनला नाही.

टॉवर — बाजूला हो. आगीच्या बंबाला पट्टीलगत उभं राहायला सांगू दे. तेवढं अजून माझ्याकडे आहे.